पंप नंबर दोन

सिनेमावाले आले तेव्हा मी तेरा वर्षांचा.
त्यांच्या गोष्टीत एक बाप होता, एक मुलगा,
एक निळी उघडी गाडी, मागच्या सीटवर आईची राख,
आणि समुद्रापर्यंतचा रस्ता.
रस्ता आमच्या दारावरून जात होता
म्हणून आम्ही.

"इथले अस्सल चेहरे हवेत," म्हणाली क्लिपबोर्डवाली बाई,
आणि बाबांच्या अस्सल चेहऱ्यावरून
आधी चष्मा काढला,
मग डोक्यावरची पशुखाद्य कंपनीची टोपी.
गळ्यात घातली त्यांच्या पेटीतली पिरोज्याची माळ.
आजीची खरी माळ तेव्हा
गॅलपच्या सावकाराकडे गहाण, तिसरं वर्ष,
चिठ्ठी बाबांच्या पाकिटात, घडीवर फाटलेली.

बाबांना एकच वाक्य.
क्षितिजाकडे बघून म्हणायचं: "वादळ येतंय."
बाबांनी वर पाहिलं. आभाळ
घासून पालथं घातलेल्या ताटासारखं.
"वादळ नाहीये," ते म्हणाले.
"आणि यांनी गाडी लावलीये तो दोन नंबरचा पंप
मार्चपासून बंद आहे.
मी असतो तर यांना तेच सांगितलं असतं."
मी असतो तर!
सगळे हसले, अगदी प्रेमानं,
आणि अकरा वेळा आणवलं त्यांच्याकडून वादळ.
चष्म्याशिवाय सुटे मोजताना
दर वेळी बाबांनी त्या गोऱ्या मुलाला
दोन डॉलर जास्त दिले.

मीही होतो. आमच्या पिकअपमध्ये,
चौकटीच्या अगदी कडेला.
कॅमेरावाला म्हणाला, "जरा खाली वाक, बाळा."
वाकलो.
"अजून."

पुढच्या फेब्रुवारीत
एकशेचाळीस मैल गेलो अल्बुकर्कीला, तो बघायला.
हीटर बाबांच्याच बाजूचा चालायचा,
म्हणून दोन्ही हातमोजे माझ्याकडे.
रेडिओवर आमच्या भाषेत मेंढ्यांचे भाव,
मग कुणाच्या तरी मयताची वेळ, मग शाळेचा बास्केटबॉल.
नव्वद मैलांत बाबा बोलले ते इतकंच:
"तहान लागली?"
आणि लागुनाच्या पुढे एका उतारावर, काही कारण नसताना:
"तुझे आजोबा होते या रस्त्यावर. डांबर ओतायला."
मी खाली बघितलं. रस्ता
रस्त्यासारखाच होता.

पडद्यावर चार सेकंद.
एक फार जुना माणूस क्षितिजाकडे बघतो.
तोंड बाबांचं,
आवाज दुसऱ्याच कुणाचा, विहिरीतून आल्यासारखा:
"वादळ येतंय."
आणि आलं की! जांभळं, संगणकातलं.
आमची पिकअप दिसली. आत कुणी नाही.

शेवटी त्या बापलेकांनी लाटांत राख सोडली,
मिठी मारली. आजूबाजूला लोक नाकं पुसत होते.
बाबाही. मी चोरून पाहिलं.
मला त्यांचा राग आला,
आणि मलाही रडू येत होतं, त्याचा जास्त.

नावांची यादी संपेस्तोवर ते उठले नाहीत.
पॉपकॉर्न झाडणारी बाई मागे खोळंबली.
पंपवाला: विल्फर्ड एटसिटी.
स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलेलं.
"चालायचंच," बाबा म्हणाले, आणि टोपी घातली.

परतताना ग्रँट्सपाशी गाडी थांबवून
त्यांनी किल्ली माझ्या मांडीवर टाकली.
"रात्री मला नीट दिसत नाही."
साफ खोटं.
मी सीट पुढे ओढली. आरसा खाली केला,
त्यात माझं नुसतं कपाळ.
साठ मैल ते झोपेचं सोंग घेऊन बसले,
वळण आलं की उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत.

पोचलो तेव्हा वाऱ्यानं
दोन नंबरच्या पंपावरचा पुठ्ठा उडवला होता.
बाबा उतरले शोधायला.
मी दिवे चालूच ठेवले.
टोपी, चष्मा, थोडी वाकलेली पाठ,
भुरभुरणारा बर्फ.
कुंपणाकडे गेले, परत आले,
माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले.
काच वर होती, ऐकू आलं नाही.
मी काच खाली केली.